आलेलं बाळ लस न घेता परत का जातं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी 2019-21 मध्ये झाली. त्यात 12 ते 23 महिन्यांच्या मुलांपैकी 95 टक्क्यांना क्षयरोगावरची बीसीजी लस मिळालेली होती. सगळ्या मूलभूत लसी पूर्ण झालेली मुलं मात्र 76.4 टक्केच होती. या दोन आकड्यांच्या मधे जी मुलं राहिली, त्यांच्या घरच्यांना लसीचे विरोधक म्हणणं सोपं असतं आणि बहुतेक वेळा चुकीचंही. या बाळांना निदान एक लस मिळाली होती. पुढच्या लसीला काय आडवं आलं, ते शोधायचं तर केंद्राच्या दारात बघावं लागतं, कारण बरीचशी गळती तिथेच होते. आई येते, थांबते आणि काहीतरी कारण ऐकून परत जाते. किंवा लस मिळते, पण रात्री बाळ तापानं फणफणतं आणि असं होणार आहे हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

बीसीजीचा आकडा तसा थोडा फसवा आहे. त्याच सर्वेक्षणानुसार देशातली 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली होती. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि 24 तासांच्या आत द्यायची कावीळ-ब ची लस बाळाला तिथेच, आईच्या खाटेशेजारी मिळते. त्यासाठी घरच्यांना काहीच करावं लागत नाही. त्यांना स्वतःहून उठून, वार लक्षात ठेवून, रोज बुडवून जावं लागतं ते पहिल्यांदा दीड महिन्याच्या डोसला.

दीड महिन्याची अडचण

सरकारी वेळापत्रकात 6, 10 आणि 14 आठवडे असं लिहिलेलं असतं. बोलताना आपण दीड, अडीच, साडेतीन महिने म्हणतो. आता आपल्याकडची पद्धत बघा. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, सव्वा महिना आई-बाळ घराबाहेर पडत नाहीत आणि त्यानंतर सासरी जायची तयारी सुरू होते. पहिला मोठा डोस नेमका या हलवाहलवीत येतो. गरोदरपणाची नोंद सासरच्या गावात, बाळंतपण माहेरच्या तालुक्यात आणि बाळ प्रत्यक्षात कुठे आहे हे दोन्हीकडच्या आशाताईंना नक्की ठाऊक नाही. एका यादीत बाळ ‘बाहेरगावी’ असतं आणि दुसऱ्या यादीत त्याचं नावच नसतं. ज्या बाळाचं नाव ड्यू लिस्टमध्ये, म्हणजे लस द्यायच्या बाळांच्या यादीत नाही, त्याच्या घरी निरोप जात नाही.

यावर उपाय साधा आहे, पण तो करायला कुणीतरी सांगावं लागतं. सरकारी लसीकरणाला गावाचं बंधन नाही. बाळ ज्या गावात आहे, त्या गावच्या सत्रात लस मिळते. आधार कार्ड नाही, रेशनकार्डावर नाव नाही, जन्मदाखला अजून हातात आलेला नाही, यांपैकी कशासाठीही लस थांबत नाही. ‘तुमचं नाव आमच्याकडे नाही’ असं कुणी म्हणालंच, तर ‘मग आज घाला’ हे उत्तर पुरेसं आहे. माहेरी पोचल्यावर तिथल्या आशाताईंना बाळाची जन्मतारीख सांगून ठेवली, तर निम्मं काम होतं.

दुसरी अडचण दिवसांच्या हिशेबाची. गावातलं सत्र बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात असतं. समजा सत्राच्या दिवशी बाळ 38 दिवसांचं आहे. 6 आठवडे म्हणजे 42 दिवस. नर्सबाई लस देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण ‘पुढच्या महिन्यात या’ एवढंच सांगितलं, तर पुढच्या सत्राला बाळ साडेनऊ आठवड्यांचं झालेलं असतं. दुसरा आणि तिसरा डोस तसाच पुढे सरकतो. डांग्या खोकला सगळ्यात जिवावर बेततो तो पहिल्या काही महिन्यांत, आणि हा महिना बाळ कोरडंच काढतं. खरं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात आणि शहरांतल्या महापालिकेच्या दवाखान्यांत सत्रं याहून जास्त वेळा होतात, बऱ्याच ठिकाणी दर आठवड्याला. चार दिवसांनी तिथे गेलं तरी चालतं. परत पाठवताना हे एक वाक्य सांगायला हवं. ते कुणी सांगितलं नाही, तर आपण विचारावं: ‘याच्या आधी कुठे मिळेल?’

दोन डोसांमधलं अंतर किमान 4 आठवडे लागतं, म्हणजे 28 दिवस. त्याच्या आत दिलेला डोस धरत नाहीत. त्याहून उशीर झाला तर बिघडत नाही, पहिल्यापासून सुरुवातही करावी लागत नाही. हा नियम फार थोड्या पालकांना माहीत असतो. ‘एक डोस चुकला, आता सगळं वाया गेलं’ असं वाटून पुढे न येणारी कुटुंबं बरीच असतात.

एका दिवशी तीन टोचण्या

दीड महिन्याला बाळाला तोंडावाटे दोन लसी मिळतात: पोलिओचे दोन थेंब आणि जुलाबांवरची रोटाव्हायरसची लस. टोचायच्या तीन. पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीत, न्यूमोनियावरची न्यूमोकोकल उजव्या मांडीत आणि पोलिओचं इंजेक्शन उजव्या दंडावर. हे तिसरं इंजेक्शन कातडीत दिलं जातं, पूर्ण मात्रेच्या पाचव्या हिश्श्याएवढं, म्हणजे 0.1 मिली. म्हणून तिथे लहानसा फुगवटा दिसतो आणि थोड्या वेळानं जिरतो. अडीच महिन्याला एकच सुई असते, पेंटाची. साडेतीन महिन्याला पुन्हा तीन.

ही ठिकाणं ठरवून दिलेली आहेत. दोन दिवसांनी एका मांडीला सूज आली, तर ती कोणत्या लसीची हे त्यावरूनच कळतं. कुल्ल्यावर यांतली एकही लस देत नाहीत. तिथे मोठी नस असते, तिला इजा होऊ शकते.

‘एवढी इंजेक्शनं एकदम नको, आज एक द्या, बाकीची पुढच्या वेळी’ असं म्हणणाऱ्या आजीबाई प्रत्येक सत्रात भेटतात. काळजी समजण्यासारखी आहे, पण हिशेब उलटा बसतो. दुखणं तेवढंच राहतं, फक्त तीन दिवसांत वाटलं जातं. फेऱ्या वाढतात. राहिलेल्या लसीचं संरक्षण महिनाभर लांबतं, आणि त्या महिन्यात घरात लग्न निघतं किंवा कापणी येते. पेंटाच्या एकाच सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब (या जिवाणूमुळे न्यूमोनिया, मेंदूज्वर होतो) अशा पाच आजारांवरची लस असते. ती नसती, तर सुया आणखी वाढल्या असत्या. एका दिवसात या सगळ्या लसी बाळाच्या शरीराला जड जात नाहीत. जन्मल्यापासून ते रोज याहून कितीतरी जास्त जंतूंशी सामना करत असतं.

रडणं कमी करता येतं. बाळाला आडवं झोपवून हात-पाय दाबून धरण्यापेक्षा आईनं मांडीवर उभं, छातीशी धरावं. पाजत असतानाच सुई दिली तर बाळ लवकर शांत होतं. तोंडावाटे द्यायच्या लसी आधी आणि सुया नंतर, हा क्रमही त्याचसाठी. पोलिओच्या थेंबांनंतर अर्धा तास पाजायचं नाही, असं अजून बऱ्याच घरांत मानतात. तशी काहीच गरज नाही. लसीच्या आधी, लस घेताना आणि नंतर, केव्हाही पाजावं.

‘मुलं जमली की कुपी उघडू’

केंद्रावरून परत पाठवण्याचं हे सगळ्यात न पटणारं कारण. बीसीजी आणि गोवर-रुबेला या लसी कोरड्या भुकटीच्या रूपात येतात. सत्रात त्यात डायल्युएंट, म्हणजे ठरलेलं द्रावण मिसळतात. त्यानंतर ही कुपी जास्तीत जास्त 4 तास वापरता येते, मग फेकायचीच. तिच्यात जंतू रोखणारं रसायन नसतं. जास्त वेळ ठेवली तर तिच्यात जंतू वाढतात, आणि असा डोस बाळाच्या जिवावर बेतू शकतो. एका कुपीत बीसीजीचे 10 डोस असतात. गोवर-रुबेलाच्या कुप्या 10 आणि 5 डोसांच्या येतात.

सत्रात नऊ महिन्यांचं एकच मूल आलं, तर एका डोससाठी उरलेली कुपी वाया जाणार. वर साठ्याचा हिशेब द्यायचा असतो, म्हणून नर्सबाई कचरते. कार्यक्रमाची सूचना मात्र स्वच्छ आहे: एक मूल आलं तरी कुपी उघडायची. वाया जाणारे डोस मागणीच्या हिशेबातच धरलेले असतात. तरीही प्रत्यक्षात ‘आज गोवरचं नाही, पुढच्या वेळी’ असं घडतं, आणि आईला वाटतं की लस संपली. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो विचारून घेण्यासारखा आहे. ‘साठा नाही की कुपी उघडायची नाही?’ साठा नसेल तर जवळच्या केंद्रात कधी मिळेल, ते विचारावं. कुपी असेल तर ती एका बाळासाठीही उघडता येते, हे शांतपणे आणि न भांडता सांगता येतं. बाईंच्या डोक्यावर वरच्या साहेबांचा ताण असतो. हा प्रश्न एकट्या त्यांच्या मर्जीचा नाही, वर वाया गेलेल्या डोसांचे प्रश्न जसे विचारले जातात, तसे परत गेलेल्या मुलांचे विचारले जात नाहीत, ही खरी गोम आहे.

याच्या उलटही घडतं. पेंटाची आधीच उघडलेली कुपी पाहून एखादा बाप बिचकतो: ‘कालची उरलेली देताय का?’ पेंटा, तोंडावाटे द्यायचा पोलिओ, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वातावरची), न्यूमोकोकल अशा तयार द्रव लसी उघडल्यानंतर 4 आठवड्यांपर्यंत वापरता येतात. अट अशी, की त्या बरोबर थंडीत ठेवलेल्या असाव्यात आणि उघडल्याची तारीख-वेळ कुपीवर लिहिलेली असावी. कुपीवर एक गोल असतो आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस उन्हाउष्म्यात खराब झालेली नाही. चौकोन गोलाइतकाच गडद झाला, की ती कुपी बाद. बघायचं असेल तर सांगावं, कुपी हातात न घेताही दिसतं.

एक गोष्ट मात्र या खुणेवरून कळत नाही. गोठण्यानं झालेलं नुकसान. पेंटा, डीपीटी, कावीळ-ब, न्यूमोकोकल या लसी गोठल्या की निकामी होतात आणि गोल-चौकोन जसाच्या तसा राहतो. लसीच्या पेटीत चार आइसपॅक असतात. फ्रीजरमधून काढून तसेच कडक घातले, तर त्यांना टेकलेली कुपी गोठते. म्हणून ते आधी बाहेर ठेवून, वरून घाम सुटेपर्यंत आणि हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबावं लागतं. प्राथमिक केंद्रातून पेटी निघायला सकाळी जो वेळ लागतो, त्यातला काही यासाठी जातो. गावात आई साडेनऊला येऊन बसते आणि पेटी दहा-साडेदहाला पोचते. ‘एवढा वेळ का?’ याचं उत्तर कुणी देत नाही. वेळ आधीच नीट कळवली असती, तर तिला तासभर खोळंबावं लागलं नसतं.

सर्दी आहे, बारीक आहे, औषध चालू आहे

नाक वाहतंय, किरकोळ खोकला आहे, दोन-तीनदा पातळ शी झाली, बाळ कमी वजनाचं आहे, सातव्या महिन्यात जन्मलेलं आहे, अँटिबायोटिक चालू आहे, घरात कुणाला फिट्स येतात: यांपैकी कशानंही लस थांबवायची नसते. कुपोषित बाळाला तर ती जास्त गरजेची, कारण गोवर अशाच मुलांवर तुटून पडतो. कमी दिवसांच्या बाळाच्या वयाचा हिशेबही जन्मतारखेपासूनच करतात. डॉक्टरांनी सांगितलेली बाळंतपणाची तारीख धरून वय कमी करायचं नाही.

थांबवायची ती मोजक्याच वेळी. बाळ खरोखर आजारी आहे, जोराचा ताप आहे किंवा दवाखान्यात दाखल करावं लागेल अशी अवस्था आहे, तर बरं होईपर्यंत. आधीच्या त्याच लसीनंतर तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल, तर ती लस पुन्हा नाही. डांग्या खोकल्याचा घटक असलेल्या लसीनंतर आठवडाभरात मेंदूचा गंभीर त्रास झाला असेल, तर पुढचा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा. म्हणून मागच्या वेळी काय झालं, हे नर्सबाईनं विचारायलाच हवं, आणि आईनं न विचारताही सांगावं.

सर्दीवरून परत पाठवण्यात बऱ्याचदा दोघांचीही मूक सहमती असते. नर्सबाईला वाटतं, उद्या ताप वाढला तर बोल माझ्यावर येईल. आईला वाटतं, आधीच किरकिर करतंय. पण लहान बाळांची नाकं पावसाळ्यात महिनोन्‌महिने वाहत असतात. निरोगी दिवसाची वाट पाहिली, तर तो सत्राच्या वारी उजाडेलच असं नाही.

रात्रीचा ताप

पेंटानंतर ताप येणं, मांडी लाल होणं, बाळ चिडचिडं होणं हे नेहमीचं आहे. सरकारी पेंटामधल्या डांग्या खोकल्याच्या घटकात अख्खा मारलेला जिवाणू असतो. त्यानं प्रतिकार चांगला तयार होतो आणि तापही जास्त येतो. बहुधा त्याच संध्याकाळी किंवा रात्री चढतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. गोवर-रुबेलाचं वेगळं. तिथे ताप 5 ते 12 दिवसांनी येतो, कधी अंगावर पुरळही उठतं. आई तोपर्यंत लस विसरलेली असते, म्हणून ती घाबरून डॉक्टरकडे धावते. बीसीजीच्या जागी 2 ते 4 आठवड्यांनी लहान गाठ येते, ती फुटते, थोडं पाणी येतं आणि पुढे व्रण राहतो. त्यावर हळद, मलम, शेक काही करायचं नाही. व्रण उठला नाही म्हणून बीसीजी पुन्हा द्यायचीही नाही.

यातलं काहीच आधी सांगितलं नाही, तर घरात काय होतं ते ठरलेलंच आहे. रात्री दोनला बाळ रडतंय, सकाळी कामावर जायचंय, सासूबाई म्हणतात ‘चांगलं खेळतं मूल आजारी पाडून आणलं’. पुढच्या डोसला जायचं की नाही, हा निर्णय केंद्रात होत नाही, त्या रात्री घरात होतो. आणि तो घेणारी व्यक्ती बऱ्याचदा केंद्रात आलेलीच नसते. म्हणून सासूबाईंना किंवा नवऱ्याला एकदा तरी सत्राला बरोबर न्यावं, म्हणजे तापाबद्दलचं बोलणं त्यांच्याही कानावर पडतं.

लस दिल्यावर चार गोष्टी सांगायच्या, असं प्रत्येक नर्सला प्रशिक्षणात शिकवलेलं असतं: कोणती लस दिली आणि ती कोणत्या आजारावर, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, पुढच्या वेळी केव्हा यायचं, आणि कार्ड जपून ठेवून दर वेळी आणायचं. चारही सांगायला दोन मिनिटं पुरतात. सत्रात चाळीस मुलं असतील, तर ही दोन मिनिटं पहिली कापली जातात. मग रजिस्टर, मोबाइलवर यू-विन या सरकारी लसनोंदणीच्या अ‍ॅपमधली नोंद आणि पुढचं बाळ.

ताप आला तर पॅरासिटामॉल द्यायचं. घोटाळा मात्र त्याच्या बाटलीत होतो. मात्रा वजनावर ठरते: दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन वेळांत किमान 4 ते 6 तासांचं अंतर, 24 तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. म्हणजे 5 किलोच्या बाळाला एका वेळी 50 ते 75 मिलिग्रॅम. आता बाजारात ड्रॉप्सच्या 1 मिलीत 100 मिलिग्रॅम असतं, तर सिरपच्या 5 मिलीत कुठे 125, कुठे 250. या बाळाला ड्रॉप्स लागतील 0.5 ते 0.75 मिली, 125 चं सिरप लागेल 2 ते 3 मिली. ड्रॉप्स सिरपच्या मापानं दिले, तर चौपट औषध पोटात जातं. उलट झालं तर ताप उतरतच नाही. केंद्रातून निघतानाच बाळाचं वजन करून घ्यावं, बाटली दाखवावी आणि ‘याची किती मिली?’ असं विचारून बाटलीवरच लिहून घ्यावं. ‘अर्धा चमचा’ हे माप नाही, घराघरांतले चमचे वेगळे असतात. अ‍ॅस्पिरिन लहान मुलाला देत नाहीत.

बाळाला दुपट्यांत आणि स्वेटरमध्ये गुंडाळू नये, सैल सुती कपडे पुरतात. वारंवार पाजावं. मांडीवर थंड पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं ठेवावं. गरम शेक, चोळणं, बाम नको.

तीन तासांहून जास्त वेळ न थांबता रडणं, झटके, अंग ढिलं पडणं, धाप लागणं, अंगावर गांध्या उठणं, दूध न ओढणं, ताप दोन दिवसांपुढे राहणं किंवा टोचलेल्या जागी पू होणं: यांपैकी काही दिसलं तर घरी वाट पाहू नये, थेट दवाखाना गाठावा आणि लस केव्हा दिली ते सांगावं. तीव्र अ‍ॅलर्जी अतिशय विरळ, पण झाली तर बहुधा पहिल्या काही मिनिटांत होते. लसीनंतर अर्धा तास बसवून ठेवतात ते त्यासाठी, कारण त्यावरचं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन नर्सबाईच्या किटमध्ये असतं आणि घरी ते नसतं. एखाद्या बाळाला गंभीर त्रास झाला, तर त्याची नोंद करून जिल्हास्तरावर तपास होतो. त्यासाठी कार्ड आणि वेळेचा तपशील हाताशी लागतो.

साडेतीन ते नऊ महिने

साडेतीन महिन्यांचा डोस झाला की जवळजवळ साडेपाच महिने केंद्राकडे जायचं काही कारण उरत नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा पहिल्या बाळासाठीचा दुसरा हप्ताही 14 आठवड्यांपर्यंतच्या लसींशी जोडलेला आहे, पुढच्या लसींशी नाही. या मोठ्या फटीत कार्ड हरवतं, घर बदलतं, गाव बदलतं.

महाराष्ट्रात ही फट सगळ्यात जास्त झोंबते ती ऊसतोड कुटुंबांना. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. जूनमध्ये जन्मलेल्या बाळाचे पहिले तीन डोस गावात झालेले असतात. नऊ महिने पूर्ण होतात मार्चमध्ये, तेव्हा बाळ कारखान्याच्या कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर असतं. पहाटे फडात गेलेली आई दहा ते चारच्या सत्राला येऊ शकत नाही, आणि आली तर त्या दिवसाची मजुरी बुडते, तीही जोडीनं कोयता लावलेल्या नवरा-बायकोची. लसी राहून गेलेल्या मुलांसाठी डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुषमध्ये वीटभट्ट्या, बांधकामं, स्थलांतरितांच्या वस्त्या यांच्यावर भर आहे, तो याचसाठी. कोपीवर सत्र न्यायचं, तर ते संध्याकाळी किंवा पगारवाटपाच्या दिवशी न्यायला हवं. मुकादमाच्या फोनमधल्या यादीत किती बाळं आहेत, हे विचारणं कुठल्याही सर्व्हेपेक्षा लवकर होतं.

नऊ महिने ‘पूर्ण’ झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस उजव्या दंडात मिळतो. त्याबरोबर न्यूमोकोकलचा बूस्टर, पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस (हा जानेवारी 2023 पासून आला, त्यामुळे जुन्या कार्डावर त्याचा रकानाच नसतो), आणि जीवनसत्त्व ‘अ’ ची 1 मिली मात्रा. जपानी मेंदूज्वराच्या जिल्ह्यांत त्याचीही लस. नऊला एक दिवस कमी असला तरी परत पाठवतात. कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं त्याआधी लसीला नीट काम करू देत नाहीत. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात आणि मालेगाव, भिवंडीला गोवरची साथ आली, तेव्हा बाधित भागांत 6 ते 9 महिन्यांच्या बाळांनाही एक जादा डोस द्यायचं ठरलं. तो डोस जादाच धरायचा होता, नऊ महिन्यांचा पुन्हा घ्यायचाच होता. अशा जादा डोसमुळे ‘गोवरचं झालं’ असा समज राहून जाऊ शकतो, म्हणून कार्डावर तो वेगळा लिहिलेला आहे ना, हे तपासावं.

16 ते 24 महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटी आणि पोलिओचे बूस्टर. या वयात मूल धावतं, तगडं दिसतं, आई पुन्हा गरोदर असू शकते. ‘लसी तर झाल्या की’ असंच घरात वाटतं. गोवर थांबवायला मात्र दोन डोस लागतात.

कार्ड नसेल तर

माता बाल संरक्षण कार्ड पावसात भिजतं, ट्रंकेत राहतं, सासरी विसरतं. कार्ड आणलं नाही म्हणून लस नाकारायची नसते. आशाताईंची यादी, नर्सबाईचं रजिस्टर आणि यू-विनवरची नोंद यांतून बऱ्याचदा आधीचे डोस सापडतात आणि नवं कार्ड भरता येतं. यू-विनमध्ये नोंद मोबाइल क्रमांकावर शोधतात. नोंद करताना माहेरच्या भावाचा नंबर दिला असेल, तर सासरी तो कुणाला आठवत नाही. म्हणून कायम चालू राहणारा, शक्यतो आईचाच नंबर द्यावा. प्रत्येक डोसनंतर कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून तो घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवावा. नोंद कुठेच सापडली नाही आणि आईलाही खात्रीनं आठवत नसेल, तर तो डोस झाला नाही असं धरून देतात. जादा डोसानं बाळाला अपाय होत नाही. रोटाव्हायरसला मात्र वयाची मर्यादा आधी बघतात.

उशीर झालेल्या बाळासाठी या मर्यादा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. बीसीजी एक वर्षापर्यंत. पेंटा, रोटाव्हायरस आणि न्यूमोकोकल यांचा पहिला डोस वर्षाच्या आत सुरू झाला, तर बाकीचे नंतरही पूर्ण करतात. पेंटा सुरूच झाली नसेल, तर वर्षानंतर तिच्या जागी डीपीटी, तीही सातव्या वर्षापर्यंत. तोंडावाटे द्यायचा पोलिओ आणि गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत. कावीळ-ब चा जन्माच्या वेळचा डोस तेवढा 24 तासांनंतर देत नाहीत, पुढे पेंटामध्ये तो घटक मिळतो. चौदा महिन्यांचं एकही लस न घेतलेलं बाळ केंद्रात आलं, तर त्याच दिवशी त्याला डीपीटी, पोलिओ, गोवर-रुबेला आणि जीवनसत्त्व ‘अ’ देता येतं. पुढची तारीख 28 दिवसांनंतरची, आणि ती कार्डावर पेनानं लिहून घ्यायची.